जमीन सरकत होती, म्हणून मनोरा सरकवला: केप हॅटरस दीपगृहाचं प्रकरण

दीपगृहाकडून खलाशाची पहिली अपेक्षा ही की ते जागचं हलू नये. नकाशावर जिथे खूण आहे तिथेच दिवा दिसला पाहिजे, कारण त्याच्याकडे बघून जहाज आपली जागा ठरवतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप हॅटरस दीपगृहाच्या बाबतीत मात्र १९९९ साली जाणूनबुजून उलटं केलं गेलं. जवळपास २०० फूट उंचीचा, विटांचा, सव्वाशे वर्षांहून जुना मनोरा पायापासून सोडवला, उचलला आणि २,९०० फूट दूर नेऊन पुन्हा उभा केला.

अभियांत्रिकीचा पराक्रम म्हणून ही गोष्ट सांगितली जाते, आणि तो पराक्रम होताच. मला मात्र त्याआधीचा निर्णय जास्त मोलाचा वाटतो. समुद्र अडवायचा की मनोरा हलवायचा, हा वाद जवळजवळ वीस वर्षं चालला. मनोऱ्याला धोका नेमका कशाचा आहे हे नीट कळल्यावरच त्याची गाठ सुटली.

दिवा तिथेच का हवा होता

हॅटरस हे नॉर्थ कॅरोलायना राज्यासमोरचं अरुंद बेट. मुख्य भूमी आणि महासागर यांच्यामध्ये वाळूच्या ज्या लांबच लांब पट्ट्या पसरल्या आहेत, त्यातली ही एक. बेटाच्या टोकापासून डायमंड शोल्स नावाच्या उथळ वाळूच्या दांड्या कित्येक मैल समुद्रात गेल्या आहेत आणि वादळागणिक त्या जागा बदलतात. गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह या टोकाजवळून उत्तरेकडे जातो. शिडाच्या काळात दक्षिणेकडे निघालेलं जहाज त्या प्रवाहाच्या तोंडी पडायला नको म्हणून किनारा आणि प्रवाह यांच्या मधून वाट काढायचं, आणि नेमक्या त्याच वाटेवर या दांड्या आडव्या येत. या टापूला अटलांटिकची स्मशानभूमी म्हणतात ते उगाच नाही.

इथलं पहिलं दीपगृह १८०३ मध्ये लागलं. वालुकाश्माचा ९० फुटी मनोरा आणि तेलाचे दिवे. प्रकाश मंद, उंची अपुरी, त्यामुळे कप्तानांच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालूच राहिल्या. उंचीचा हिशेब इथे समजून घेण्यासारखा आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे दिव्याचा पल्ला उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. समुद्रसपाटीपासून १०० फुटांवरच्या दिव्याचं क्षितिज पावणेबारा सागरी मैलांच्या आसपास असतं, २०० फुटांवरच्याचं साडेसोळा मैलांच्या. उंची दुप्पट करून पल्ला जेमतेम पाच मैलांनी वाढतो. पण समोर दांड्याच मैलोन्‌मैल पसरलेल्या असतील तर त्या पाच मैलांवर जहाजाचं नशीब ठरतं. १८५४ पर्यंत जुना मनोरा १५० फुटांपर्यंत वाढवला आणि त्यावर पहिल्या श्रेणीचं फ्रेनेल भिंग बसवलं. चहूकडे विखुरणारा उजेड काचेच्या लोलकांच्या कड्यांतून एका पट्ट्यात गोळा करणारं हे भिंग म्हणजे त्या काळातली सर्वांत मोठी सुधारणा होती. तरी खालचा मनोरा जुनाच होता, आणि तो पुढे किती टिकेल याची खात्री उरली नव्हती. शेवटी त्याच्या सुमारे ६०० फूट उत्तरेला नवा मनोरा बांधायचं ठरलं. १६ डिसेंबर १८७० रोजी त्यावर दिवा लागला. त्या दिवशी समुद्र १,५०० फूट दूर होता.

वाळूवरचा पाया

पुढच्या सगळ्या प्रकरणाचं मूळ या मनोऱ्याच्या पायात आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

बांधकाम डेक्स्टर स्टेटसन यांच्या देखरेखीखाली झालं. वाळूत लाकडी खांब ठोकून पाया करायचा विचार होता, पण खांब पुरेसे खोल जाईनात. खड्डा खणला तर चार-सहा फुटांवर पाणी लागलं. मग स्टेटसन यांनी वेगळीच युक्ती केली. पाण्याच्या पातळीखाली पिवळ्या पाइनच्या जाड तुळयांचे दोन थर एकमेकांवर आडवे-उभे रचले, त्यावर ग्रॅनाइटच्या शिळांचा चौथरा चढवला आणि चौथऱ्यावर मनोरा. लाकूड कायम पाण्याखाली राहिलं, त्याला हवा लागली नाही, तर ते कुजत नाही. मात्र त्यासाठी दोन अटी होत्या. भोवतालचं पाणी गोडं राहायला हवं, आणि लाकडाखालची वाळू दबून जागच्या जागी राहायला हवी. पाया उथळ असला तरी हिशेबाने केलेला होता. त्या अटी पाळल्या जात होत्या तोवर त्याने हजारो टनांचा भार कुरकूर न करता पेलला.

लाटांचा मार हा या मनोऱ्याचा खरा शत्रू नव्हता. एवढ्या वजनाला सरळ धडक देऊन पाडणं लाटेला सोपं नाही. भीती होती ती लाटा एका बाजूची वाळू उपसून नेतील याची. मग लाकडाचा थर त्या बाजूला पोकळीवर येणार, चौथरा कलणार. वीटकाम दाब सोसतं, ताण सोसत नाही. मनोरा कलला की एका बाजूच्या सांध्यांवर ताण येतो आणि तिथून भेगा सुरू होतात. शिवाय खारं पाणी वरचेवर पायापर्यंत पोचू लागलं की लाकडाचं आयुष्यही संपत येणार. म्हणजे समुद्र मनोऱ्यापर्यंत पोचण्याआधीच, नुसता जवळ आल्यानेच काम बिघडणार होतं.

आणि तो जवळ येत होता. अशा बेटाची समुद्राकडची कड झिजत जाते, वादळात वाळू बेटावरून पलीकडे खाडीच्या बाजूला जाऊन पडते आणि हळूहळू अख्खं बेटच मुख्य भूमीकडे सरकतं. वाळू नष्ट होत नाही, फक्त तिची जागा बदलते. १९१९ पर्यंत समुद्र सुमारे ३०० फुटांवर आला होता, १९३५ मध्ये पाणी पायथ्याला टेकू लागलं.

दिवा हलला, मनोरा राहिला

१९३६ साली घेतलेला निर्णय अगदी साधा होता. मनोरा सोडून दिला आणि आतल्या जंगलात लोखंडी सांगाड्याचा मनोरा उभारून दिवा त्यावर नेला. जहाजांचं काम भागलं. मला वाटतं, पुढच्या वादात हा प्रसंग जेवढा आठवायला हवा होता तेवढा कुणी आठवला नाही. जहाजाला उजेड लागतो, तो विटांवरून येतो की लोखंडावरून, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणजे १९८० नंतर जो प्रश्न उभा राहिला, तो दिव्याचा नव्हताच, इमारतीचा होता. तो वारशाचा प्रश्न म्हणूनच मांडायला हवा होता. नौकानयनाच्या सुरक्षेचं कारण त्याला वरून चिकटवण्यात अर्थ नव्हता.

मधल्या काळात वाळू अडवण्यासाठी कुंपणं घालून आणि गवत लावून टेकाडं तयार केली गेली, पुळण थोडी रुंदावली आणि १९५० मध्ये दिवा परत विटांच्या मनोऱ्यावर आला. पण हा दिलासा तात्पुरता होता. १९६०-७० च्या दशकांत बाहेरून वाळू आणून पुळणीवर टाकली. किनाऱ्याला काटकोनात समुद्रात जाणारे तीन काँक्रीटचे बांध घातले. अशा बांधांना ग्रॉइन म्हणतात. किनाऱ्यालगत वाहत जाणारी वाळू बांधाच्या एका अंगाला साठते, पण दुसऱ्या अंगाला पोचायची वाळू तेवढीच कमी होते आणि तिथला किनारा आणखी जोरात खचतो. इथेही बांधांच्या दक्षिणेचा किनारा आत खचत गेला. एकीकडे राखायचं आणि दुसरीकडे गमवायचं, असं ते चाललं होतं.

१९७० पर्यंत मनोरा आणि समुद्र यांच्यात १२० फूट उरले होते. १९८० च्या वादळात १८०३ च्या जुन्या मनोऱ्याचा उरलासुरला पाया लाटांनी उचलून नेला. नव्याचं पुढे काय होणार, याची यापेक्षा स्पष्ट सूचना मिळाली नसती.

कोणते मार्ग होते

काहीच न करणं हा एक मार्ग होता. दिव्याची सोय पुन्हा लोखंडी मनोऱ्यावर करायची आणि विटांचा मनोरा जेव्हा पडेल तेव्हा पडू द्यायचा. हा मार्ग कठोर आहे, पण बेइमान नाही. सगळं जुनं बांधकाम वाचवता येत नाही.

दुसरा मार्ग आणखी ग्रॉइन आणि आणखी वाळू. यात एकदाच काम करून मोकळं होता येत नाही, दर काही वर्षांनी खर्च आणि दर वादळात धाकधूक. शिवाय नॉर्थ कॅरोलायनाने १९८५ पासून समुद्रकिनाऱ्यावर कायमस्वरूपी कठीण बांधकामं करायला बंदी घातली होती.

तिसरा मार्ग लष्कराच्या अभियंता विभागाने पुढे आणला. मनोऱ्याभोवती काँक्रीटची भक्कम संरक्षक भिंत. कागदावर तो सर्वांत खात्रीचा वाटत होता. पण बेट मागे सरकतच राहणार असेल तर काही दशकांत भिंतीसकट मनोरा समुद्रात एकटा उभा राहणार. याचं जिवंत उदाहरण दक्षिणेला, चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी आहे. तिथलं १८७६ चं मॉरिस आयलंड दीपगृह बांधलं तेव्हा जमिनीवर होतं. बंदरात शिरायची वाट खोल राहावी म्हणून १९ व्या शतकाच्या शेवटी लांब धक्के घातले, त्यामुळे वाळूचा प्रवाह बदलला, बेट झिजलं आणि मनोरा आज पाण्यात उभा आहे. त्यावरचा दिवा १९६२ मध्ये बंद झाला.

चौथा मार्ग मनोरा हलवण्याचा. ऐकणाऱ्याला हे प्रथम वेडेपणाचं वाटायचं, यात नवल नाही.

भिंतीचं काम सुरू होण्याआधी नॅशनल पार्क सर्व्हिसने, म्हणजे मनोऱ्याची मालकी असलेल्या खात्याने, राष्ट्रीय विज्ञान अकादमीकडे सल्ला मागितला. १९८८ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने हलवणं हाच योग्य मार्ग असल्याचं सांगितलं. खात्याने तो मानलाही. पण पैसे मंजूर व्हायला पुढची दहा वर्षं गेली. मधे राज्याच्या विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी सगळं पुन्हा तपासलं. निष्कर्ष तोच, फक्त घाई करा एवढी पुस्ती जोडलेली. १९९८ मध्ये अमेरिकी संसदेने निधी दिला. कामाचा खर्च सुमारे १ कोटी २० लाख डॉलर होता.

स्थानिक लोकांचा विरोध होता, आणि त्याकडे अडाणीपणा म्हणून बघणं मला पटत नाही. ज्यांच्या घरातल्या पिढ्या या मनोऱ्याच्या सावलीत वाढल्या, त्यांना तो वाटेत मोडून पडेल ही भीती वाटणं स्वाभाविक होतं. जागेवरून हललेल्या मनोऱ्यात ऐतिहासिक असं काय उरणार, हाही प्रश्न खरा होता. त्याला खात्याने दिलेलं उत्तर मला फार समंजस वाटतं. रक्षकांची घरं, तेलाची खोली, पाण्याच्या टाक्या, सगळंच मनोऱ्याबरोबर हलवायचं, एकमेकांपासूनची अंतरं आणि दिशा तशाच ठेवायच्या, आणि समुद्रापासूनचं अंतर १८७० मध्ये होतं जवळपास तेवढं, म्हणजे १,६०० फुटांच्या आसपास करायचं. ज्या बेटावर जमीनच सरकते, तिथे मनोऱ्याची खरी जागा समुद्रापासूनच्या अंतरावरून धरायची, हा विचार त्यामागे होता.

प्रत्यक्ष काम

काम इंटरनॅशनल चिमनी या कंपनीकडे होतं. याआधी तिने ब्लॉक आयलंड आणि केप कॉडवरची दीपगृहं हलवली होती, म्हणजे अनुभव होता, पण त्या इमारती याच्यापुढे लहान होत्या.

पहिलं काम पाया सोडवण्याचं. ग्रॅनाइटचा चौथरा हिऱ्याचे कण लावलेल्या तारेच्या करवतीने कापत, थोडा थोडा काढत गेले. जेवढा दगड निघाला तेवढ्या जागी लगेच आधार बसवायचा आणि मगच पुढचा दगड काढायचा. खाली स्टेटसन यांच्या तुळया सापडल्या, पाण्यात राहूनही धडधाकट. मग मनोऱ्याखालून पोलादी तुळयांची चौकट सरकवली आणि १०० हायड्रॉलिक जॅक लावून सगळा डोलारा सहा फूट उचलला. वजन ४,८३० अमेरिकी टन, म्हणजे साधारण ४,४०० मेट्रिक टन.

शंभर जॅक म्हणजे शंभर टेकू. खालची जमीन कुठे अर्धा इंच दबली तर त्या टेकूवरचा भार शेजारच्यांवर जाणार, चौकट पिळवटणार आणि तो पीळ विटांत उतरणार. म्हणून जॅक तीन गटांत वाटले होते. एका गटातल्या सगळ्या जॅकमधलं तेल एकमेकांशी जोडलेलं, त्यामुळे त्यांच्यातला दाब आपोआप सारखा राहायचा. एखाद्याखालची जमीन दबली की तो जॅक थोडा लांबायचा, बाकीचे थोडे बसायचे, भार मात्र सगळ्यांवर तेवढाच. हिशेबाला शंभरऐवजी तीनच टेकू उरले. तिवई कितीही खडबडीत जमिनीवर ठेवली तरी डगमगत नाही, तसं. सगळ्या मोहिमेतली सर्वांत सुंदर गोष्ट मला हीच वाटते. भिंतींवर ६० संवेदक बसवून कल, कंपनं आणि भार सतत मोजले जात होते.

वाटेवर पोलादी पत्र्यांवर रूळ अंथरले, त्यावर रोलर. मागून ढकलणारे जॅक एका वेळी पाच फूट पुढे रेटायचे, मग ते आवळून पुढे घ्यायचे, रुळाला पकडायचे आणि पुन्हा रेटायचं. २,९०० फुटांना असे ५८० रेटे लागतात. मागचे रूळ काढून पुढे अंथरायचं काम सोबत चालूच. १७ जून १९९९ ला मनोरा हलला आणि ९ जुलैला, २३ व्या दिवशी, नव्या पायावर पोचला. सरासरी दिवसाला सव्वाशे फूट. नवा पाया पोलाद घातलेल्या काँक्रीटच्या जाड लादीचा आहे.

ऑगस्टच्या शेवटी डेनिस हे चक्रीवादळ याच किनाऱ्यासमोर कित्येक दिवस घुटमळत राहिलं आणि बेटाचा किनारा त्याने वाईट झोडपला. मनोरा तोवर आत पोचलेला होता. निधी आणखी एक वर्ष लांबला असता तर काय झालं असतं, याचा विचार केला की १९८८ नंतरची ती दहा वर्षं फार खुपतात.

नकाशावर काय बदललं

१३ नोव्हेंबर १९९९ ला दिवा पुन्हा लागला. दर साडेसात सेकंदांनी एक पांढरा झोत, पूर्वीसारखाच. काळ्या-पांढऱ्या पिळदार पट्ट्यांचा रंगही तोच, म्हणजे दिवसाची ओळख आणि रात्रीची ओळख दोन्ही कायम. बदलले ते अक्षांश-रेखांश. २,९०० फूट म्हणजे जेमतेम अर्धा सागरी मैल. नकाशात खूण सरकवायची, दिव्यांच्या यादीत दुरुस्ती करायची, खलाशांना सूचना द्यायची, एवढ्यावर भागलं.

हे भागलं कारण हा दिवा किनारा ओळखून देणारा आहे. लांबून आलेल्या जहाजाला तो सांगतो की समोर हॅटरस आहे, जपून. बंदराच्या दिव्यांचं तसं नसतं. बंदरात शिरायच्या वाटेवर एक बुटका दिवा पुढे आणि एक उंच दिवा मागे, अशी जोडी लावतात. दोन्ही दिवे एकावर एक दिसले की जहाज खोल पाण्याच्या रेषेत आहे, वरचा उजवीकडे दिसला की आपण रेषेच्या उजवीकडे गेलो, सुकाणू डावीकडे वळवायचं. ती रेषा म्हणजेच त्या दिव्यांचं काम. त्यातला एक दिवा काही फूट जरी आडवा सरकला तरी रेषा फिरते आणि पुढे मैलभरावर जहाज गाळात जातं. लाल-पांढरे-हिरवे पट्टे दाखवून सुरक्षित वाट सांगणाऱ्या दिव्यांचंही तेच. तिथे किनारा खचू लागला तर दिवा आत नेऊन चालत नाही, पाण्यातली सगळी वाट पुन्हा मोजून दोन्ही दिव्यांची जागा नव्याने ठरवावी लागते. हॅटरसचं उदाहरण दाखवून कुणी प्रत्येक दिव्याला हा उपाय सुचवू लागला तर त्याला आधी विचारायला हवं, हा दिवा जहाजाला नेमकं काय सांगतो?

इमारत वाचवायची असेल तर मात्र हा मार्ग आता वेडेपणाचा राहिलेला नाही. डेन्मार्कमधलं रुब्येर्ग क्नूड दीपगृह ऑक्टोबर २०१९ मध्ये रुळांवरून सुमारे ७० मीटर आत नेलं. त्यावरचा दिवा तर कधीच बंद झाला होता. तिथे निदान प्रश्न सुरुवातीपासून सरळ मांडला गेला. काम संपलेली वास्तू जपायची आहे, एवढंच.

हॅटरसच्या जुन्या चौथऱ्यातल्या ग्रॅनाइटच्या शिळांवर इथल्या ८३ रक्षकांची नावं कोरून त्या मूळ जागी वर्तुळात मांडल्या होत्या. मनोरा हलला तरी जागेची आठवण राहावी, हा हेतू. पण भरतीचं पाणी आणि वाळू तिथे वारंवार येऊ लागली, आणि २०१५ मध्ये त्या शिळाही उचलून नव्या जागेजवळ आणाव्या लागल्या. नव्या पायावर मनोरा सुमारे शंभर वर्षं सुरक्षित राहील असा अंदाज काम करताना धरला होता. बेट सरकतंच आहे, त्यामुळे शंभर वर्षांनंतरच्या लोकांसमोर पुन्हा हेच चार मार्ग असतील. या वेळी निदान चौथ्याचा हिशेब तयार आहे.